रुक्मिणी म्हणजे नुसतं सोनं नव्हे

बाळाच्या नावांच्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये ‘रुक्मिणी’ टाका. अर्थ येतो : सोनं. उत्तर बरोबर आहे. संस्कृतात ‘रुक्म’ म्हणजे सोनं. रुक्मिणी म्हणजे सोन्याने झळाळणारी. भागवतात तिच्या पाचही भावांची नावं अशीच आहेत : रुक्मी, रुक्मरथ, रुक्मबाहू, रुक्मकेश, रुक्ममाली. म्हणजे हे सोनं तिचं एकटीचं नव्हतं, विदर्भाच्या भीष्मक राजाच्या घराण्याचा तो शिक्का होता.

ते घर आपल्याच मुलखातलं. अमरावती जिल्ह्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर हे तिचं माहेर मानतात. थोरल्या भावाने, रुक्मीने, तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. तिने एका ब्राह्मणाच्या हाती कृष्णाला गुपचूप निरोप धाडला. सात श्लोकांच्या त्या निरोपात प्रेम आहे, तसा पक्का बेतही आहे : लग्नाच्या आदल्या दिवशी मी नगराबाहेर देवीच्या दर्शनाला येईन, तिथून मला ने. अमरावतीकर सांगतात, ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी.

लोकांच्या तोंडी रुक्मिणीची रखुमाई झाली, रुखमा झाली, रखमा झाली. अंगावर गुंजभरही सोनं नसलेल्या, दुसऱ्याच्या वावरात राबणाऱ्या बायांनी हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वागवलं. एकनाथांनी 1571 मध्ये काशीत ‘रुक्मिणी स्वयंवर’ लिहिलं. लग्न जमावं म्हणून मुलींना आजही त्याचं पारायण करायला सांगतात. गंमत अशी, की त्यातली नायिका घरच्यांनी जमवलेलं लग्न मोडून निघाली होती.

हे नाव एकदा कोर्टातही उभं राहिलं. 1864 मध्ये मुंबईत जन्मलेल्या रखमाबाईचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलं होतं. ती नांदायला यावी म्हणून नवऱ्याने 1884 मध्ये दावा लावला. तिने टोपणनावाने वृत्तपत्रात पत्रं लिहून बालविवाहावर टीका केली. 1887 मध्ये कोर्टाने बजावलं : नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद. तिने कैद पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली, मग ती लंडनला शिकून डॉक्टर झाली.

कथेतल्या रुक्मिणीला न्यायला रथ आला, रखमाबाईला कुणी न्यायला आलं नाही. पण ‘नाही’ दोघींनीही स्वतःच कळवलं.

लेकीचं नाव रुक्मिणी ठेवणार असाल, तर अ‍ॅपमधल्या अर्थासोबत हाही अर्थ लक्षात ठेवा. उद्या ती तुम्हालाच नाही म्हणेल, तेव्हा नाव सार्थ झालं म्हणा.