शिगेपासून कूपनापर्यंत

दिवाळी जवळ आली की अमरावतीच्या इतवारा बाजारात काय आणि अकोल्याच्या मोठ्या दुकानांत काय, पाट्यांची गर्दी होते. ‘एकावर एक मोफत’, ‘२५ टक्के जादा’, ‘कूपन दाखवा, ५० रुपये वाचवा’. याच दिवसांत वऱ्हाडात सोयाबीन निघालेले असते, कापसाची वेचणी सुरू असते आणि घरात थोडा पैसा येतो. त्या पैशात महिन्याचा किराणा, मुलांचे कपडे आणि मागची उधारी असे सारे भागवायचे असते. त्यामुळे दहा-वीस रुपयांची सवलतही घरोघरी मन लावून पाहिली जाते.

अशा सवलती अलीकडच्या काळातील आहेत, असा आपला समज असतो. पण गिऱ्हाइकाला थोडे जादा देण्याची रीत फार जुनी आहे. या लेखात आपण तिचा इतिहास पाहू. सवलत खरी किती, हे कळण्यासाठी माप, भाव आणि तुलनेचे एकक या तिन्ही गोष्टी गिऱ्हाइकाला उघड दिसाव्या लागतात. यांपैकी एखादी झाकलेली राहिली, की सवलतीचा हिशोब तेथेच चुकतो. हा इतिहास बराचसा ती झाकलेली गोष्ट शोधण्याचा इतिहास आहे.

शीग म्हणजे किती?

वजनाचे काटे सर्रास वापरात येण्यापूर्वी धान्य मापाने विकले जाई. शेर, पायली, कुडव ही मापे गावागणिक कमीजास्त असत. मापाच्या काठावर धान्याचा जो शंकू उभा राहतो त्याला शीग म्हणतात. ‘उत्सुकता शिगेला पोचली’ असे आपण म्हणतो तेव्हा हीच शीग मनात असते. शीग लावून माप देणारा दुकानदार उदार, आणि हाताने शीग सारून सपाट माप देणारा चिक्कू, अशी गिऱ्हाइकांची समजूत असे.

या जादा धान्याचा हिशोब नववी-दहावीच्या गणितात बसतो. कोरडे धान्य ओतले की त्याच्या ढिगाचा उतार एका ठरावीक कोनापलीकडे जात नाही. ज्वारी-गव्हासाठी हा कोन साधारण २५ ते ३० अंश असतो. आपण २७ अंश धरू. आता एक लिटरची दोन गोल मापे घ्या. पहिल्याचा व्यास व उंची सारखीच, सुमारे १०.८ सेंटिमीटर. दुसरे पसरट, व्यास १३.७ आणि उंची ६.८ सेंटिमीटर. शंकूच्या घनफळाचे सूत्र वापरले तर पहिल्या मापावरची शीग सुमारे ८५ मिलिलिटर भरते आणि दुसऱ्यावरची सुमारे १७०. मापे दोन्ही एक लिटरचीच, पण एकावर साडेआठ टक्के जादा मिळते आणि दुसऱ्यावर सतरा टक्के.

म्हणजे ‘शीग लावून’ ही सवलत मापाच्या आकारावर अवलंबून होती, आणि माप होते दुकानदाराचे. उलट तोच दुकानदार शेतकऱ्याकडून धान्य घ्यायचा तेव्हा पसरट माप त्याच्या सोयीचे होई. एकाच गावात घेण्याचे माप वेगळे आणि देण्याचे वेगळे, या तक्रारीमागे हे साधे भूमितीचे कारणही होते.

वऱ्हाडातील बाजाराचा कायदा

घेणाऱ्या-देणाऱ्यातला हा प्रश्न वऱ्हाडात आधी कापसाच्या बाजारात ऐरणीवर आला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. पुढे रेल्वे आली आणि अमरावती, अकोला, खामगाव ही कापसाची मोठी ठाणी झाली. शेतकरी गाडी घेऊन बाजारात येई. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्त्याची पद्धत, वजनात नाना कारणांनी होणारी कपात म्हणजे कडता, आणि अनेक बारीक खर्च यांमुळे हातात नेमके किती पैसे पडणार हे त्याला आधी कळत नसे.

१८८६ मध्ये कारंजा येथील कापसाचा बाजार नियंत्रणाखाली आणला गेला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. ठरवून दिलेल्या जागी बाजार भरवायचा आणि त्यावर समितीची देखरेख ठेवायची, ही त्यातील मुख्य कल्पना होती. भारतातील नियंत्रित बाजारांचा आरंभ येथे मानला जातो. समित्यांवर व्यापाऱ्यांचाच भरणा अधिक होता, ही त्यातील मोठी उणीव. तरीही शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या या बाजारांची दखल घेतली. आज आपल्याला परिचित असलेल्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळे याच परंपरेत आहेत.

भाव आणि वजन सर्वांसमक्ष व्हावे, हे तत्त्व विकणाऱ्या शेतकऱ्यासाठी असे मान्य झाले. पण तोच शेतकरी मीठ, तेल, गूळ, चहा घ्यायला दुकानात शिरला की तो गिऱ्हाईक होई. तेथे त्याला कोणाचा आधार?

रॉचडेलचे अठ्ठावीस जण

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडमध्ये सापडले होते. रॉचडेल या कापडगिरण्यांच्या गावात २८ जणांनी २८ पौंड भांडवल जमवून २१ डिसेंबर १८४४ रोजी एक दुकान उघडले. विक्रीला लोणी, साखर, पीठ, ओटचे पीठ आणि मेणबत्त्या एवढाच माल होता. भेसळ नाही, वजन पुरे, भाव बाजाराप्रमाणे आणि उधारी बंद, असे त्यांचे नियम होते. खर्च वजा जाता जे उरेल ते सभासदांना त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत मिळे.

आजच्या ‘खरेदीवर बक्षीस’ योजनांची ही पूर्वज म्हणता येईल. पण एक फरक महत्त्वाचा आहे. रॉचडेलमध्ये परताव्याचा दर सभासदांसमोर ठरत असे, कारण दुकान त्यांचेच होते आणि हिशोबाची वही त्यांना पाहता येत होती. इंग्लंडमधील अनेक सहकारी दुकाने खरेदीची खूण म्हणून सभासदाला धातूचे बिल्लेही देत. मोजणी गिऱ्हाइकाच्या खिशातही राहत असे.

आपल्याकडे १९०४ मध्ये मद्रासला ट्रिप्लिकेन येथे सहकारी ग्राहक भांडार सुरू झाले. पतपुरवठ्याखेरीज अन्य सहकारी संस्थांना १९१२ च्या कायद्याने रीतसर जागा मिळाली. मुंबईत १९४८ मध्ये अपना बाजारची सुरुवात झाली. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाववाढ रोखण्यासाठी केंद्र सरकारने शहरोशहरी ग्राहक भांडारे उभारण्याची योजना आखली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच न थाटता, शेजारच्या कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र खरेदी करण्याची पद्धत रुजवली. येथे कूपन नाही, बक्षीस नाही. अनेक घरांची मागणी एकत्र केली की घाऊक भाव मिळतो, एवढाच त्यामागचा हिशोब आहे.

शेर गेला, किलो आला

दरम्यान मापेच बदलली. १९५६ च्या कायद्यानुसार १९५८ पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने आली आणि १९६२ मध्ये ती देशभर सक्तीची झाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. म्हणजे किलो शेरापेक्षा सात टक्क्यांनी मोठा. जी वस्तू १४ आणे शेर होती ती १५ आणे किलो, म्हणजे सुमारे ९४ नवे पैसे किलो पडायला हवी. ती ‘सरळ हिशोब’ म्हणून रुपया किलोने दिली, तर भाव न वाढवल्यासारखे दाखवून साडेसहा टक्के वाढवला असे होते. हा त्रास बदलाच्या काळापुरता. एकदा सगळीकडे एकच किलो झाल्यावर मात्र अमरावतीचा भाव अकोल्याच्या भावाशी कोणालाही ताडून पाहता येऊ लागला.

पुड्यातील माल, छापील किंमत

काटा सर्वत्र आला तसा माल पुड्यांत शिरला. पुड्यांवरील माहितीसाठी १९७७ मध्ये नियम झाले. १९९० मध्ये सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम आला. त्यापूर्वी ‘स्थानिक कर वेगळे’ या शब्दांआड दुकानदार वाटेल ते लावू शके. पण ही कमाल किंमत उत्पादकच ठरवतो. ती मुळात चढी छापली, तर तिच्यावरची २० टक्के सूट किती खरी, हा प्रश्न उरतोच.

चहा, बिस्किटे, पीठ, खाद्यतेल अशा वस्तूंचे पुडे पूर्वी ठरावीक वजनांतच भरावे लागत. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या दुरुस्तीने ते बंधन काढले आणि त्याऐवजी एककाची किंमत, म्हणजे दर ग्रॅमला वा दर किलोला किती, हे छापण्याची तरतूद केली. छापील किंमत तीच ठेवून पुड्यातील माल कमी केला, तर तो या एका आकड्यात लगेच दिसतो. पुडा हाती घेतल्यावर आधी हाच आकडा शोधायची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

सोयाबीनच्या प्रदेशात शिकवायला आणखी एक उत्तम उदाहरण आहे. तेल तापले की प्रसरण पावते. एक लिटर सोयाबीन तेलाचे वजन २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरते, तर ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. काही उत्पादक पिशवीवर लिटरबरोबर चढे तापमान छापत. लिटर पुरा, पण तेल सव्वीस ग्रॅमने कमी! २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख न करता घनफळ आणि त्याच्याशी जुळणारे वजन छापण्याची सूचना दिली. पसरट मापावरची शीग आणि तापलेल्या तेलाचा लिटर, दोन्हींत घनफळाचाच खेळ आहे.

तिकिटे, कूपने, पॉइंट

अमेरिकेत १८९६ मध्ये स्पेरी आणि हचिन्सन यांच्या कंपनीने हिरवी तिकिटे काढली. दहा सेंटच्या खरेदीला एक तिकीट मिळे. १२०० तिकिटांनी एक वही भरली, की तिच्या बदल्यात वस्तू मिळत. दुकानदार ही तिकिटे कंपनीकडून विकत घेई आणि तो खर्च त्याला मालाच्या भावातून काढावा लागे. हरवलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या वह्यांचा फायदा योजना चालवणाऱ्याला होई.

१९७४ मध्ये ओहायो राज्यातील ट्रॉय गावी दुकानात पट्टीसंकेत वाचून पहिली विक्री झाली. तेव्हापासून कोणी काय घेतले याची नोंद यंत्र ठेवू लागले. बक्षिसाचे पॉइंट याच नोंदीवर चालतात. समजा, १०० रुपयांना एक पॉइंट आणि एका पॉइंटचे २५ पैसे. महिन्याला ४००० रुपयांचा किराणा घेणाऱ्या घराला त्यातून १० रुपये मिळतात, म्हणजे पाव टक्का. तेवढ्यासाठी ऑटो करून लांबच्या दुकानात जाणे परवडत नाही.

इतर पाट्यांचेही असेच. ‘२५ टक्के जादा’ म्हणजे २० टक्के सूट, कारण १०० च्या भावात १२५ मिळतात. ‘२० टक्क्यांवर आणखी १० टक्के’ म्हणजे ३० नव्हे, २८. ‘५०० च्या खरेदीवर ५० रुपये सूट’ हे कूपन हाती असलेल्या, पण ३८० चाच माल हवा असलेल्या घराने ५०० ची खरेदी केली, तर ५० वाचले असे वाटते. खिशातून मात्र ७० जादा गेलेले असतात.

यात कायद्याचेही संरक्षण आहे. १९८४ मध्ये मक्तेदारीविषयक कायद्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे कलम आले. वस्तूची किंमत भावात धरून ती मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे त्यात बसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ही तरतूद आहे.

सवलत कोणापर्यंत पोचते?

पाच किलोचा पुडा स्वस्त पडतो, हे गणित मजुरी करणाऱ्या बाईलाही कळते. पण तो घ्यायला एकदम रोख पैसे लागतात. तिचा किराणा आठवडी बाजाराच्या दिवशी पाव-पाव किलोने येतो, नाहीतर उधारीवर येतो. समजा, रोखीला १०० रुपयांची वस्तू उधारीला १०५ ला मिळते आणि पैसे दोन महिन्यांनी फिटतात. सरळव्याजाने हा दर वर्षाला ३० टक्के होतो. कोणतेही कूपन ही खोट भरून काढणार नाही. रॉचडेलच्या विणकरांनी उधारी बंद ठेवली आणि वाचलेला पैसा परताव्याच्या रूपाने हाती दिला, ते अशाच अनुभवातून. गल्लीतल्या चार-पाच घरांनी, किंवा एखाद्या बचत गटाने, तेल-डाळ एकत्र घेतली तर रोख थोडी असूनही मोठ्या पुड्याचा भाव मिळू शकतो.

वर्गात दोन प्रयोग सहज करता येतील. एक लिटरचे दोन वेगवेगळ्या आकारांचे डबे घेऊन दोन्हींवरची शीग तोलून पाहावी आणि वर काढलेल्या आकड्यांशी ताडावी. शंकूचे टोक थोडे बसके राहते, म्हणून उत्तर थोडे कमी येईल. ते का, हे मुलांनाच सांगू द्यावे. दुसरा प्रयोग, चहा, साबण, तेल, डाळ आणि साखर यांचे लहान-मोठे पुडे व सुटा माल यांचे भाव दोन-तीन दुकानांतून लिहून आणावेत आणि प्रत्येकाची दर किलोची किंमत काढावी. मोठा पुडा नेहमीच स्वस्त पडतो का, हे तक्त्यावरून पाहावे. घरची उधारी मात्र मुलांना वर्गात विचारू नये. तो हिशोब समजा-समजा म्हणून काढला, तरी ज्याला कळायचा त्याला कळतो.