केवल शून्य तापमान

केवल शून्य तापमान : भौतिकीतील तापमानाची सर्वांत खालची मर्यादा. केल्विन मापक्रमावर ती ० के., तर सेल्सिअस मापक्रमावर −२७३.१५ अंश आहे. ‘निरपेक्ष शून्य’ हे तिचे दुसरे नाव.

पदार्थातील अणुरेणूंची धडपड जितकी जास्त तितके त्याचे तापमान जास्त. ऊर्जा काढत गेले की शेवटी किमान ऊर्जेची अवस्था येते. तेथेही कण पूर्ण निश्चल नसतात. पुंजयामिकीनुसार थोडी ऊर्जा उरतेच. त्यामुळे साध्या वातावरणीय दाबाखाली हीलियम कितीही थंड केले तरी गोठत नाही.

या मर्यादेचा सुगावा वायूंच्या आकुंचनातून लागला. दाब कायम ठेवून वायू थंड केला, तर दर अंशाला तो ०° से.च्या घनफळाच्या सुमारे १/२७३ इतका आक्रसतो. हा हिशेब पुढे नेला, की −२७३° से.च्या आसपास घनफळ शून्यावर येते. प्रत्यक्षात वायू त्याआधीच द्रवरूप होतो. विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्विन) यांनी १८४८ मध्ये केवल तापमानाचा मापक्रम मांडला. या मापाने २७° से.ची खोली सुमारे ३०० के. तापमानाची असते.

शून्याच्या दिशेने : ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मोठ्या रुग्णालयांच्या आवारात द्रव ऑक्सिजनच्या उभ्या टाक्या दिसतात. आतील द्रव −१८३° से.ला, म्हणजे ९० के.ला उकळतो. शेजारच्या पंखेदार नळ्यांमधून जाताना बाहेरच्या हवेची उष्णता घेऊन तो वायुरूप होतो. म्हणून ऐन मे महिन्यातही त्या नळ्यांवर बर्फाचा पांढरा थर चढलेला असतो. याहून बरीच खालची पायरी एमआरआय यंत्रात असते. त्याच्या अतिसंवाहक चुंबकाची नायोबियम-टिटॅनियमची तार द्रव हीलियमने ४.२ के.पर्यंत थंड ठेवतात. तेथे तारेचा विद्युत् रोध नाहीसा होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. हीलियमचे द्रवीकरण हाइके कामर्लिंग ऑनेस यांनी १९०८ मध्ये लायडन येथे प्रथम साधले. अतिसंवाहकतेचा शोधही त्यांनीच १९११ मध्ये, पाऱ्याच्या तारेत, लावला.

खरी चढण येथून पुढे. ३०० के.पासून ४.२ के.पर्यंत तापमान सुमारे ७१ पटींनी घटते. पण त्यानंतर मिलिकेल्विनच्या खाली जायचे, तर आणखी हजारो पटींनी घटवावे लागते. येथे अंश मोजून उपयोग नाही, पटी मोजाव्या लागतात. ऊष्मागतिकीचा तिसरा नियम सांगतो, की मोजक्या टप्प्यांत शून्य गाठता येत नाही. या नियमाचा पाया वाल्टर नेर्न्स्ट यांनी घातला.

मुंबईतील कार्य : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. रामकृष्णन आणि सहकाऱ्यांनी शुद्ध बिस्मथच्या स्फटिकात साध्या दाबाखाली ०.०००५३ के.ला अतिसंवाहकता आढळल्याचे डिसेंबर २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध केले. इतक्या खाली जाण्यासाठी तांब्याच्या अणुकेंद्रांची मदत घेतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ती एका दिशेला वळवायची, त्या वेळी निघणारी उष्णता बाहेर काढायची आणि मग क्षेत्र हळूहळू उतरवायचे. तांबे आणखी थंड होते. बिस्मथची ही अवस्था फार नाजूक असते. सुमारे ५ मायक्रोटेस्लाचे क्षेत्र तिला मोडते आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या कितीतरी पट प्रबळ आहे. म्हणून नमुन्याभोवती चुंबकीय कवच लागते. बिस्मथमध्ये सुमारे एक लाख अणूंमागे एकच वाहक इलेक्ट्रॉन असल्याने अतिसंवाहकतेच्या रूढ सिद्धांताने तिचा उलगडा होत नाही.

बिस्मथने रोध टाकला, तेव्हा केवल शून्य त्याच्यापासून एका केल्विनच्या सुमारे १,९०० व्या भागाइतके दूर होते.