हृदयाला धक्का : किती आणि केव्हा?

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे, म्हणजे अलिंदे, लयीत आकुंचन न पावता नुसती थरथरतात. ही बिघडलेली लय औषधांना दाद देत नाही, तेव्हा रुग्णाला भूल देऊन छातीवरून क्षणभर विजेचा धक्का दिला जातो. हेच कार्डिओव्हर्शन. आज नित्याच्या झालेल्या या उपचाराचा इतिहास शाळेत शिकलेल्या धारित्राशी, म्हणजेच कपॅसिटरशी जोडलेला आहे.

१८९९ साली जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली यांना कुत्र्यांवरील प्रयोगांत आढळले, की सौम्य धक्क्याने निलयांची घातक थरथर सुरू होते आणि तीव्र धक्क्याने ती थांबते. तीच वीज मारक आणि तीच तारक! १९४७ साली क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेदरम्यान उघड्या हृदयाला धक्का देऊन १४ वर्षांच्या मुलाला वाचवले. १९५६ साली पॉल झोल यांनी छाती न उघडता हेच साधले. दोघांनीही प्रत्यावर्ती धारा वापरली होती. थांबलेल्या हृदयासाठी ही जोखीम पत्करता येई. पण बेसूर का होईना, चालू असलेल्या हृदयाचे काय?

ही कोंडी बॉस्टनमध्ये बर्नार्ड लाउन आणि अभियंता बरुख बर्कोविट्स यांनी फोडली. सोव्हिएत संघात नाउम गुर्विच यांनी धारित्राच्या धक्क्याचा अभ्यास आधीच केला होता. लाउन यांनी त्याला वेळेची जोड दिली. हृदयालेखातील टी-तरंगाच्या सुमारास निलये अत्यंत नाजूक अवस्थेत असतात. त्या क्षणी बसलेला धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून उपकरणाने आर-तरंग ओळखून त्याच क्षणी धारित्र रिकामे करायचे. १९६२ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली.

वेळेचे भान आठवड्यांच्या मापातही लागते. थरथरत्या अलिंदांत रक्त साकळून गुठळी होऊ शकते. लय पूर्ववत होताच ती सुटून मेंदूत जाण्याचा धोका असतो. म्हणून ४८ तासांहून जुन्या विकारात सहसा धक्क्यापूर्वी किमान ३ आणि नंतर ४ आठवडे रक्त गोठू न देणारी औषधे दिली जातात.

आता थोडे गणित. २०० ज्यूल म्हणजे २० किलोचे पोते एक मीटर उचलण्याइतकी ऊर्जा. ती १० मिलिसेकंदांत सोडली, तर सरासरी शक्ती २० किलोवॅट भरते! सावकाश साठवायचे आणि क्षणात द्यायचे, हा धारित्राचा धर्म. म्हणूनच पुण्याच्या जीवट्रॉनिक्समध्ये आशिष गावडे आणि अनिरुद्ध अत्रे यांना विजेवर आणि हाताने फिरवायच्या दांड्यावरही चालणारा डिफिब्रिलेटर घडवता आला. तो मुख्यतः हृदय अचानक बंद पडलेल्या रुग्णांसाठी आहे. पण तत्त्व तेच. जबलपूरजवळच्या मझौलीत असो वा गडचिरोलीत, ऐन वेळी वीज गेली तर माणसाच्या मनगटातली ताकदही हृदयापर्यंत पोहोचू शकते. पाठ्यपुस्तकातील अर्धा सीव्हीवर्ग हे सूत्र पुढच्या वेळी सोडवाल, तेव्हा हे आठवावे.