सायनसमधली काळी जागा

सायनसच्या निदानात एमआरआयला नेहमी सीटी स्कॅनच्या मागेच उभं राहावं लागलं आहे आणि सुरुवातीच्या काळात ते रास्तच होतं. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर यांनी घडवलेली आणि श्टामबर्गर यांनी पुढे नेलेली सायनसची दुर्बिणीची शस्त्रक्रिया १९८०च्या दशकात डेव्हिड केनेडी यांनी अमेरिकेत रुजवली. या सर्जनना हवा होता हाडांचा नकाशा. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यातली भिंत कागदाइतकी पातळ असते. ती नेमकी कुठे आहे हे आधी कळल्याशिवाय आत हत्यार घालायचं कसं? सीटीने ते दाखवलं. एमआरआयचा संकेत येतो तो प्रामुख्याने पाणी आणि चरबी यांतल्या हायड्रोजनकडून. त्यामुळे हवा काळी आणि हाडही काळंच.

त्यात एमआरआयची आणखी एक खोड उघडी पडली. मेंदूच्या तपासणीसाठी आलेल्या, साधी सर्दीही नसलेल्या लोकांच्या सायनसचं अस्तर जाड दिसू लागलं. मग हे सगळे आजारी समजायचे का? १९८८ मध्ये झिनराइक, केनेडी आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या नाकाचे एमआरआय तपासले, तेव्हा खुलासा झाला. नाकाची एक बाजू फुगते, काही तासांनी ती ओसरून दुसरी फुगते आणि एथमॉइड सायनसचं अस्तरही त्या लयीत बदलतं. ही आलटापालट रिचर्ड कायसर यांनी १८९५ मध्येच नोंदवली होती. चंद्रस्वर-सूर्यस्वर मानणाऱ्या आपल्याकडच्या योग्यांना तर तिचं नवल वाटलंच नसतं. पण नुसत्या एमआरआयवरून ‘सायनुसायटिस’ लिहून मोकळं होण्याची सोय संपली.

मला वाटतं, एमआरआयची खरी कामगिरी इथून पुढे सुरू होते. न्यूयॉर्कचे पीटर सोम यांनी त्याच सुमारास दाखवलं, की सीटीत सारखीच करडी दिसणारी गाठ आणि तिच्यामागे तुंबलेला स्राव एमआरआयमध्ये वेगळे काढता येतात. स्राव पाणीदार, म्हणून टी-२ या प्रकारच्या एमआरआय चित्रात लखलखीत. पेशींनी गच्च भरलेली गाठ बहुधा मंद. यालाही अपवाद आहेत, आणि ते गमतीचे आहेत. स्राव सुकत गेला, प्रथिनं दाट झाली, की तोही काळा पडतो. बुरशीच्या गोळ्यात लोह, मँगनीज आणि कॅल्शियम साठलेलं असतं, त्यामुळे गच्च भरलेला सायनस टी-२ चित्रात चक्क रिकामा, हवेने भरलेला भासतो. म्हणूनच दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वाचायची शिस्त रुजली: सीटीत भरलेलं, एमआरआयमध्ये रिकामं, तर बुरशीचा संशय घ्यायचा.

एमआरआय महाग, वेळखाऊ, आणि शेवटी निदान बायोप्सीच करते, हा आक्षेप खोटा नाही. पण बायोप्सी रोग कोणता ते सांगते. तो कुठवर पोहोचला ते सांगत नाही. २०२१ मध्ये कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला, महाराष्ट्र सर्वाधिक रुग्णांच्या राज्यांत होता, तेव्हा हा फरक जिवावरचा ठरला. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते. मेलेल्या भागात एमआरआयचं चित्र उजळवणारं गॅडोलिनियमचं औषध पोहोचतच नाही, म्हणून नाकातला टर्बिनेट नावाचा उंचवटा उजळण्याऐवजी काळाच राहतो. तीच काळी सीमा डोळ्यामागे किंवा मेंदूकडे सरकली असेल, तर शस्त्रक्रियेचा बेतच बदलतो. अडचण एवढीच, की यातले बरेच रुग्ण मधुमेही होते, आणि ज्यांची मूत्रपिंडं थकलेली त्यांना हे औषध द्यावं की नाही, याचा विचार आधी करावा लागे.