तोंडओळख क्लाउडची

1915 साली खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि लोणावळ्याच्या तलावांतल्या पाण्यावर तयार झालेली टाटांची वीज परळ-लालबागच्या गिरण्यांपर्यंत पोहोचू लागली. त्याआधी बहुतेक गिरण्या आपल्यापुरती शक्ती आपणच निर्माण करत. बॉयलर स्वतःचा, वाफेचे इंजिन स्वतःचे, कोळसाही आपणच साठवायचा. वीज तारेवरून येऊ लागली तसा हा खटाटोप गिरणीच्या आवारातून हळूहळू हद्दपार झाला. संगणनही एक दिवस असेच सार्वजनिक सेवा म्हणून पुरवले जाईल, असे संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1961 मध्ये सांगितले होते. ते प्रत्यक्षात यायला बराच काळ जावा लागला. 2006 च्या मार्चमध्ये ॲमेझॉनने ‘एस-थ्री’ ही साठवणुकीची सेवा खुली केली, ऑगस्टमध्ये ‘ईसी-टू’ ही भाड्याच्या सर्व्हरची. आज ज्याला आपण क्लाउड म्हणतो, त्याची व्यापारी सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

मराठी वाचकाने, त्यातही मुंबईकराने, या विषयाकडे का वळावे? एक कारण अगदी जवळचे आहे. जून 2016 मध्ये ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने, म्हणजे एडब्ल्यूएसने, आपला भारतातला पहिला ‘रीजन’, म्हणजे डेटा सेंटरांचा प्रादेशिक समूह, सुरू केला, तो मुंबई नावानेच. पुढच्या वर्षी गूगलनेही मुंबईची निवड केली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये पैशांच्या देवघेवीची माहिती देशातच साठवण्याचा आदेश दिला, तेव्हा अशा देशी केंद्रांचे मोल आणखी वाढले. नकाशावरचे हे शहर आता संगणकांच्या जगातही एक पत्ता आहे, याचा थोडा अभिमान वाटला तर वाटू द्यावा.

वाचकांनी सुरुवातीला क्लाउडवरच्या सेवांच्या यादीला घाबरू नये. ती शेकडोंच्या घरात आहे, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या बऱ्याच सेवांची नावे जाहिरातवाल्यांनी ठेवल्यासारखी आहेत. संगणन, साठवण, नेटवर्क आणि परवानग्या, या चार गोष्टी पक्क्या झाल्या की बाकीच्या बहुतेक सेवा त्यांच्याच जोडण्या असल्याचे दिसू लागते. दादरच्या एखाद्या ग्रंथालयाला जुने अंक स्कॅन करून ठेवायचे असतील, तर त्याला मुख्यतः साठवण हवी. लालबागच्या एखाद्या मंडळाला ऑनलाइन दर्शनाची व्यवस्था करायची असेल, तर हवेत गणेशोत्सवापुरते भरपूर सर्व्हर आणि विसर्जनानंतर जवळजवळ शून्य. एरवी त्या दहा दिवसांसाठी यंत्रे विकत घेऊन ती वर्षभर धूळ खात ठेवावी लागली असती.

एका कल्पनेपाशी मात्र थोडे रेंगाळावे. ‘रीजन’ म्हणजे एकच इमारत नव्हे. एडब्ल्यूएसच्या मुंबई रीजनमध्ये तीन ‘अव्हेलेबिलिटी झोन’ आहेत. प्रत्येकात एक किंवा अधिक डेटा सेंटर, आणि वीजपुरवठा व नेटवर्क वेगवेगळे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. हे दोन दिवस आठवणाऱ्याला झोन वेगळे का ठेवतात ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अर्थात, एकाच झोनमध्ये सर्व्हर घेऊन निर्धास्त बसणाऱ्याला या रचनेचा उपयोग नाही. दोन झोन आपणच निवडायचे असतात. सगळा रीजनच बंद पडण्याची भीती असेल, तर देशातच दुसरी प्रत ठेवण्यासाठी 2022 पासून हैदराबादचा रीजन आहे.

सुरक्षेचेही असेच. इमारत, यंत्रे आणि त्यांच्या खालची व्यवस्था कंपनी सांभाळते. कोणाला कोणती फाइल उघडता येईल, हे तुम्ही ठरवायचे. साठवणुकीचा कप्पा सगळ्या जगाला खुला ठेवला आणि माहिती बाहेर गेली, तर तो दोष क्लाउडच्या माथी मारता येत नाही.

वाचनाबरोबर हातही चालवावा. खाते उघडल्यावर आधी मुख्य खात्याला दुहेरी पडताळणी लावा, मग खर्चाची मर्यादा ठरवून तिची सूचना ईमेलवर येईल अशी सोय करा. ही सूचना खर्च थांबवत नाही, फक्त कळवते. त्यानंतर एक लहानसा सर्व्हर सुरू करा, त्यावर साधे पान चढवा, आणि काम झाल्यावर सर्व्हर नुसता थांबवून न ठेवता काढून टाका. थांबवलेल्या सर्व्हरच्या डिस्कचे भाडे चालूच राहते.