ईमेल सर्व्हर

ईमेल सर्व्हर म्हणजे ईमेल पाठवणारी, स्वीकारणारी आणि वापरकर्त्यांसाठी साठवून ठेवणारी संगणक यंत्रणा होय. स्वतःच्या डोमेन नावाचे पत्ते वापरता यावेत व पत्रव्यवहार आपल्या ताब्यात राहावा, यासाठी काही लहान व्यवसाय असा सर्व्हर स्वतः उभारतात. त्यात सॉफ्टवेअर बसवण्याचे काम तुलनेने सोपे असते; पाठवलेले पत्र इतर सर्व्हरांनी विश्वासार्ह मानून स्वीकारणे, हा कठीण भाग होय.

पार्श्वभूमी

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेट या जाळ्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठवले. पुढे जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला एसएमटीपी हा प्रोटोकॉल ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला व आजची ईमेल वाहतूक त्याच्याच सुधारित रूपावर चालते. मूळ प्रोटोकॉलमध्ये पाठवणाऱ्याची ओळख पडताळण्याची सोय नव्हती. त्यामुळे कोणालाही दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवता येई. आज सर्व्हर उभारताना पाळावे लागणारे बरेचसे नियम या उणिवेतून निर्माण झाले आहेत.

घटक

पत्रांची ने-आण करण्यासाठी वित्से वेनेमा यांचे पोस्टफिक्स (१९९८) किंवा फिलिप हेझल यांचे एक्झिम (१९९५) ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरे वापरली जातात. साठवलेली पत्रे आयमॅप प्रोटोकॉलद्वारे वाचकाला पुरवण्याचे काम डोव्हकॉट करते. सर्व्हर परस्परांशी पोर्ट २५ वरून बोलतात. वापरकर्ता पासवर्ड देऊन ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून पत्र पाठवतो आणि ९९३ वरून वाचतो.

उभारणी

प्रथम डोमेन नाव व स्थिर आयपी पत्ता लागतो. घरगुती इंटरनेट जोडणीवर पोर्ट २५ पुष्कळदा बंद असते, म्हणून सर्व्हर बहुधा भाड्याने घेतला जातो. तेथेही हे पोर्ट खुले आहे का, याची आधी खात्री करावी लागते. डोमेनच्या एमएक्स नोंदीत येणारी पत्रे कोणत्या सर्व्हरकडे पाठवायची हे सांगितलेले असते. याउलट, आयपी पत्त्यावरून सर्व्हरचे नाव सांगणारी पीटीआर नोंद बहुधा आयपी पत्ता पुरवणारी कंपनी करून देते. संपर्क कूटबद्ध करण्यासाठी टीएलएस प्रमाणपत्र बसवले जाते. परक्या व्यक्तीची पत्रे तिसऱ्याच ठिकाणी पोहोचवणारा सर्व्हर ‘ओपन रिले’ ठरतो. स्पॅम पाठवणारे त्याचा गैरवापर करतात आणि त्याचा आयपी पत्ता लवकरच काळ्या यादीत जातो.

विश्वासार्हतेच्या नोंदी

ओळख पटवण्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी केल्या जातात:

* एसपीएफ – या डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात, याची यादी. पत्र दुसऱ्या सर्व्हरमार्फत पुढे पाठवले गेल्यास ही तपासणी अनेकदा फसते.
* डीकेआयएम – पत्रावरील डिजिटल स्वाक्षरी तपासण्याची सार्वजनिक किल्ली. मजकूर बदलला नसेल तर पत्र पुढे पाठवल्यावरही स्वाक्षरी वैध राहते.
* डीमार्क – वरील तपासण्या फसल्यास पत्राचे काय करावे, याची सूचना. आरंभी केवळ अहवाल मागवणारे धोरण ठेवून, अहवाल पाहून ते कडक करण्याची पद्धत आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने सर्व प्रेषकांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम, तर जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी तिन्ही नोंदी आवश्यक केल्या.

देखभाल व अडचणी

पलीकडच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारा संकेतांक दिल्यास अडचण तात्पुरती असते. पत्र रांगेत राहते आणि साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा पाठवून पाहिले जाते. ५ ने सुरू होणारा संकेतांक म्हणजे कायमचा नकार होय व तसे प्रेषकाला कळवले जाते. पत्र स्पॅमच्या कप्प्यात गेले, तर मात्र दोन्ही बाजूंना त्याचा पत्ता लागत नाही. व्यवसायाला हा धोका मोठा आहे, कारण ग्राहकाला देयक किंवा दरपत्रक पोहोचले असा प्रेषकाचा समज कायम राहतो. म्हणून नवा सर्व्हर सुरू करताना निरनिराळ्या सेवांवरील खात्यांना चाचणीपत्रे पाठवणे, नोंदवह्या नियमित पाहणे आणि साठवलेल्या पत्रांची प्रत अन्यत्र ठेवणे आवश्यक ठरते. हे काम सातत्याने पाहणारी व्यक्ती नसल्यास, डोमेन नाव स्वतःचे ठेवून ईमेल सेवा विकत घेणे हा प्रचलित पर्याय आहे. त्यामुळे पुढे सेवा बदलली तरी पत्ते कायम राहतात.

देवनागरी पत्ते

२०१२ च्या एका मानकाने ईमेल पत्त्यात रोमनेतर लिपींना वाव दिला. पोस्टफिक्समध्ये ही सोय २०१५ मधील ३.० या आवृत्तीपासून आहे. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४ मध्ये खुले झाल्याने संपूर्ण पत्ता मराठीत लिहिणे शक्य झाले. मात्र असे पत्र पोहोचण्यासाठी पलीकडच्या सर्व्हरमध्येही ही सोय असावी लागते.