काचपेटीआधीचा हौद

घरात मासे पाळण्याच्या छंदाचा इतिहास बहुधा एकोणिसाव्या शतकातल्या लंडनपासून सांगितला जातो. ते योग्यही आहे; काचेच्या पेटीत मासे, वनस्पती आणि पाणी यांचा मेळ कसा बसतो याचा नीट हिशेब तिथे मांडला गेला. पण जळगाव-धुळ्यात आज पहिल्यांदा काचपेटी आणणाऱ्याला हा इतिहास अर्धाच उपयोगी पडतो. उरलेला अर्धा आपल्या मोरीशेजारच्या हौदात आहे. जळगावला वाघूर धरणाचे पाणी येते. धुळ्याला तापीचे आणि नकाणे, डेडरगाव या तलावांचे. पण नळ रोज येत नाही. म्हणून इथे पाणी साठवावे लागते, आणि साठलेल्या पाण्यात जीव येतोच. कोणता जीव येऊ द्यायचा, हा प्रश्न खानदेशातल्या घरांनी काचपेटी येण्याच्या कितीतरी आधी हाताळला आहे.

आधी लंडनचा भाग पाहू. रॉबर्ट वॉरिंग्टन हे तिथल्या औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होते. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती लावली. मासे श्वासातून जो वायू सोडतात तो वनस्पती घेते आणि माशांना प्राणवायू परत देते, अशी त्यांची मांडणी होती. काही दिवसांनी वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. तेव्हा त्यांनी पाच-सहा पाणगोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पाणी निवळले. १८५० मध्ये हा प्रयोग त्यांनी केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडला. ब्रिटनमधला काचेवरचा कर १८४५ मध्ये उठल्याने काच स्वस्त झाली होती. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या पुस्तकाने हा छंद दिवाणखान्यात नेला. बारा गॅलन म्हणजे सुमारे ५४ लिटर. आज दुकानात मिळणारी ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची दोन फुटी पेटी नेमकी तेवढीच असते.

वॉरिंग्टन यांच्या हिशेबात एक रकाना मात्र रिकामा राहिला होता. मासा नुसता श्वास सोडत नाही. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो, आणि अमोनिया माशाला विषच असतो. या अमोनियाचे पुढे काय होते, याचे उत्तर शोधण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्यांत वॉरिंग्टन यांचा मुलगा होता. त्याचेही नाव रॉबर्ट. तो रोथॅमस्टेड येथील शेती प्रयोगकेंद्रात काम करत होता. त्याला माशांशी काही कर्तव्य नव्हते. शेतातल्या मातीत अमोनियाचे नायट्रेट कसे होते, एवढाच त्याचा प्रश्न होता.

त्याच्या आधी, १८७७ मध्ये, श्लोझिंग आणि म्यूंत्झ या फ्रेंच संशोधकांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या नळीतून सांडपाणी सावकाश झिरपवले होते. पहिले वीस दिवस काहीच घडले नाही. अमोनिया जसाच्या तसा बाहेर पडत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्म सोडताच ते थांबले. म्हणजे हे काम जिवंत सूक्ष्मजीवांचे होते. धाकट्या वॉरिंग्टनने दाखवून दिले की हे दोन टप्प्यांत घडते: एक जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. हे जिवाणू शुद्ध रूपात वेगळे करणे मात्र त्याला साधले नाही. ते १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी केले. बापाच्या काचपात्रातला रिकामा रकाना मुलाच्या शेतमातीने भरला, असे मला वाटते. काचपेटी मांडणाऱ्या नवशिक्याला आज तीन ते सहा आठवडे थांबायला सांगतात, त्याचे मूळ त्या वीस दिवसांत आहे. पेटी नवी असली तरी पाणी भरता येते. जिवाणू मात्र विकत आणलेल्या चकचकीत काचेवर आयते बसलेले नसतात. ते वाळूवर, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजवर आपल्या गतीने वाढतात.

आता हा हिशेब खानदेशात आणून पाहू. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग किती, हे पाण्याच्या सामूवर आणि तापमानावर ठरते. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर हा भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की पाच टक्क्यांच्या पुढे जातो. तापमान ३० अंशांवर गेले तर तोच साडेसात टक्के होतो. काळ्या पाषाणातून येणारे आपले बोअरचे पाणी सहसा जड आणि अल्कधर्मी असते. दुसरीकडे, पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सात. लंडनच्या गारव्यात दोन गोल्डफिश जगवणारे गणित जळगावच्या मे महिन्यात तसेच लागू करता येणार नाही. विष जास्त आणि श्वास कमी, अशी इथली स्थिती आहे. पुस्तकातली माशांची संख्या इथे निम्म्यावर आणावी, पेटी खिडकीच्या उन्हापासून दूर ठेवावी आणि हवेचा पंप चालू ठेवावा, हे त्यातून ओघाने येते.

म्हणूनच हौदाकडे लक्ष जाते. रोनाल्ड रॉस यांनी ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू पाहिला, आणि साठवलेल्या पाण्याकडे सरकारची नजर वळली. अळ्या खाणारे मासे पाण्यात सोडण्याचे उपाय विसाव्या शतकात भारतभर झाले. गॅम्बुसिया हा मासा १९२८ मध्ये इटलीहून भारतात आणला गेला. गप्पीही असाच बाहेरून आला. त्रिनिदादमध्ये राहणाऱ्या रॉबर्ट लेचमियर गप्पी यांनी हा मासा ब्रिटिश म्युझियमला पाठवला. १८६६ मध्ये त्यांचे नाव त्याच्या एका शास्त्रीय नावात आले. ते शास्त्रीय नाव पुढे टिकले नाही, पण बोलण्यात 'गप्पी' राहिला आणि मराठीत तो असा मुरला की हे कोणाचे आडनाव आहे असे कोणाला वाटतही नाही. हिवताप विभागाचे कर्मचारी हौदात, विहिरीत, डबक्यात सोडायला देतात तो हाच मासा. मादी अंडी न घालता थेट पिले देते, साधारण महिन्याने एकदा. त्याचे तोंड वर वळलेले असते. पाण्याच्या पृष्ठभागालगतच्या पातळ थरात, जिथे हवेतून प्राणवायू उतरतो, तिथे तो श्वास घेतो. अळ्याही तिथेच लटकतात. उन्हाळ्यातल्या कोमट हौदात टिकण्याचे आणि अळ्या टिपण्याचे त्याचे कौशल्य एकच आहे.

आरोग्य खाते आठवड्यातून एक दिवस 'कोरडा दिवस' पाळायला सांगते: सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवणीत वाढतो आणि उन्हाळी दिवसांत अंड्यापासून डास व्हायला त्याला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणून हा नियम आहे. पण ज्या गल्लीत नळच आठवड्याने येतो तिथे भरलेला हौद ओतून कसा द्यायचा? कोरडा दिवस पाळायला आधी पाणी हवे. या पेचातून गप्पीचा हौद उभा राहिला. त्याला कोणी मत्स्यालय म्हटले नाही, पण तो मत्स्यालयच होता: मासे, भिंतीवरचा हिरवा-तपकिरी थर, आणि त्या थरात वस्ती करून असलेले तेच जिवाणू. जो हौद महिनोन्‌महिने घासला जात नाही त्यात गप्पी टिकतो. ब्रश मारून चकचकीत केलेल्या हौदात नवे मासे मरतात. काचपेटीचा फिल्टर नळाखाली धुऊ नये, पेटीतल्याच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा, हा नियम याच कारणाने आहे. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ही वस्ती मरते. क्लोरीनसाठी ते पाणी आधी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवतात, तेवढे पुरते.

मग टंचाईच्या गावात काचपेटी ठेवणे हा चोचला ठरतो का? ५४ लिटरच्या पेटीतले पाव पाणी आठवड्याला बदलले तर सुमारे साडेतेरा लिटर लागते, म्हणजे एक बादली. ती बादली वाया जात नाही. जुन्या पाण्यात नायट्रेट असते, आणि धाकटा वॉरिंग्टन ते शोधत होता ते पिकासाठीच. ते पाणी तुळशीला, कढीपत्त्याला, कुंडीतल्या मिरचीला घालता येते. पांझरेकाठच्या फड पद्धतीत बंधाऱ्याला पाणी किती यावर किती फड भिजवायचे हे ठरते आणि तूट सगळे वाटून घेतात. पेटीतही आधी जिवाणूंची कुवत पाहावी, मग मासे मोजावेत.

एक गोष्ट मात्र पाळायलाच हवी. पेटीतले किंवा हौदातले गप्पी, गॅम्बुसिया नदीत, नाल्यात सोडू नयेत. ते देशी माशांची अंडी-पिले खातात आणि त्यांची जागा घेतात. १८३९ च्या सुमारास कर्नल साईक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना इथल्या कोळ्यांच्या तोंडची नावे लॅटिनमध्ये नेली; शिंगटी हे नाव त्यामुळे आजही शास्त्रीय यादीत आहे. हौदात परका मासा ठेवण्याची गरज टंचाईने आणली, पण गिरणेत आणि तापीत तो नेण्याचे काही कारण नाही. नळ रोज येऊ लागला तर हौदातल्या गप्पीचे काम संपेल. तोवर हौद खानदेशातल्या नवशिक्याला जे शिकवतो ते लंडनच्या पुस्तकात सापडत नाही: घाईने घासू नये, थोडे मासे ठेवावेत आणि उन्हाळ्याचा विचार आधी करावा.